मा. बीएमआय महोदयांस

प्रति,
मा. बीएमआय महोदय,
मुक्काम : दवाखान्याची भिंत, जिमचा फलक आणि विम्याचा अर्ज

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपल्या एका प्रतिनिधीने परवा माझं वजन माझ्या उंचीच्या वर्गाने भागलं, उत्तर 26.2 आलं आणि त्याने त्याभोवती लाल पेनाने गोल काढला. झोप लागते का, जिना चढताना दम लागतो का, घरात कुणाला साखर आहे का, काही विचारलं नाही. एका भागाकारात माणूस ओळखायचा, ही सिद्धी आमच्या ज्योतिषीबुवांनाही साधलेली नाही. त्यांना निदान जन्मवेळ तरी लागते.

म्हणून आपलं कूळ पाहिलं. जन्मदाते आदोल्फ केतले, बेल्जियमचे खगोलशास्त्रज्ञ. डॉक्टर नव्हेत. एकोणिसाव्या शतकात त्यांना समाजातला ‘सरासरी माणूस’ शोधायचा होता, कुणा एकीची तब्येत नव्हे. आपलं बारसं झालं 1972 साली, अमेरिकेत, अँसेल कीज यांच्या हस्ते आणि केवळ पुरुषांच्या मापांवरून. बाळंतपण, पाळी जाणं असल्या किरकोळ बाबी त्या हिशेबात येण्याचं कारणच नव्हतं.

आपला पराक्रमही थोर. 1998 साली अमेरिकेत जादा वजनाची रेघ 25 वर ओढली गेली आणि काही कोटी माणसं रातोरात जाड झाली, पोळीचा तुकडा न मोडता! आम्हा भारतीयांसाठी रेघ आणखी खाली, 23 वर. म्हणजे मुंबईत विमानात चढताना 24 असलेली बाई जाड आणि न्यूअर्कला उतरताना नॉर्मल. (रेघ खाली आणण्याला कारण आहे, हे मान्य. आपल्याकडे मधुमेह कमी वजनातही गाठतो.)

पण तिथेच तर आपलं पितळ उघडं पडतं, महाराज. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये चक्क स्वतःचे फोटो शेजारीशेजारी छापले. दोघांचा बीएमआय 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. आपण दोघांनाही सारखंच शाबासकीचं प्रमाणपत्र दिलं असतंत. आमच्या सोसायटीतल्या एका काटकुळ्या गृहस्थांना आपण ते वर्षानुवर्षं देत आलात. साखर तपासायला त्यांना कुणी सांगितलंच नाही, कारण दिसायला ते फिट. पुढे ती सापडली, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितली.

माझी गोष्ट उलटी. मला कुठल्याही दवाखान्यात कुठल्याही तक्रारीवर एकच औषध मिळतं : वजन कमी करा. कान दुखत होता तेव्हासुद्धा! त्यामुळे जाणंच टळतं. बाहेर आपले बिनपगारी प्रचारक असतात. हळदीकुंकवाला भेटल्यावर त्यांचं पहिलं वाक्य, ‘सुटलीस गं!’ आणि दुसरं, ‘घे ना अजून एक लाडू.’ माझी एक मैत्रीण उजाडायच्या आत टेकडीवर जाऊन येते, कुणी पाहू नये म्हणून. दुसरी म्हणते, आधी बारीक होते, मग पोहायला लागते. बारीक व्हायला ती काय करणार, हे तिलाही ठाऊक नाही.

मी तेवढं थांबले नाही. डबल एक्सएलचा राणी रंगाचा पोहण्याचा पोशाख घेतला, सकाळची बॅच लावली. या देहाने दोन मुलं वाढवली, गॅसचे सिलिंडर उचलले. त्याच्याशी भांडून मला आजवर एक किलोमीटरही चालता आलेलं नाही, गट्टी केल्यावर आलं. आणि गट्टी आहे म्हणूनच तीन महिन्यांची साखर, रक्तदाब, कमरेचा घेर, सगळं तपासून घेते. मुली याला ‘बॉडी पॉझिटिव्हिटी’ म्हणतात; आमच्या बॅचमधल्या आजी म्हणतात, ‘पाय हलव, गप्पा नंतर.’

कळावे. लोभ असावा, जास्त असल्यास घटवावा.

आपली,
26.2

ता. क. : 2025 च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’च्याच एका आयोगाने स्थूलपणाचं निदान एकट्या आपल्या भरवशावर करू नये, असं सुचवलं आहे. राजीनाम्याची घाई नाही. लोकसंख्येच्या सरासऱ्या काढायची आपली मूळ नोकरी शाबूत आहे, तिथे रुजू व्हावे.