दुकान बंद, फोन चालू

"काकू, झाली का वो भाजी तोडून?"

सांदवाडीच्या कुंपणापलीकडून अशी गोड हाक आली की मी समजते, शेजारच्या पोरीचं काहीतरी काम अडलंय. दोडक्याचा वेल आमचा दोघींचा. मूळ तिच्याकडे, दोडके माझ्याकडे. त्यामुळे तिला नाही म्हणायची मला सोय नाही.

"पोळ्याले माहेरी जाऊन रायली मी. चार दिवस."

"मंग जा नं बापा. कोनं अडवलं तुले?"

"दुकानानं."

आता हिचं दुकान म्हणजे मागची खोली, बांबूच्या कांबींचा ढीग आणि एक मोबाइल. चिचपल्लीच्या बांबू केंद्रात शिकून आली, तेव्हापासून झुमके, दिवे, राख्या करते. आपल्या चंद्रपूरच्या मीनाक्षी वाळके यांच्या बांबूच्या राख्या परदेशी गेल्याचं वाचलं, आणि हिचे हात अजूनच भरभर चालू लागले. दुकानाला ना शटर ना पाटी. पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक फोनवर फोटो बघतं, पैसे टाकतं आणि पार्सलची वाट बघत बसतं.

आमच्या गोल बाजारातल्या माणसाचं सोपं. लग्नाला जायचं, शटर ओढायचं. गिऱ्हाईक येतं, कुलूप बघतं, दोन शब्द पुटपुटतं आणि शेजारच्या दुकानात शिरतं. हिचं कुलूप कोणाला दिसणार? मागच्या साली ही न सांगता गेली. परत येते तो एका बाईचे सतरा मेसेज. पहिला 'ताई, नमस्कार' असा, शेवटच्यात ताई नाही आणि नमस्कारही नाही.

मी म्हटलं, "ताडोबाकडून शिक जराशी. दर मंगळवारी बंद. १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर बंद. सगळ्यायले आधीच मालूम, म्हणून वाघावर कोनी रागावते का?"

हसली. पण तारखांचा हिशेब तिचा पक्का होता, हे कबूल करायला हवं. राखीच्या आधी महिनाभर तिला जेवायला फुरसत नसते. राखीपौर्णिमा झाली की पंधरा दिवसांनी पोळा, आणि पोळ्यानंतर चार-पाच दिवसांत गणपती. म्हणजे मखराच्या ऑर्डरी पोळ्याआधीच हातावेगळ्या व्हायला हव्यात. पुढे नवरात्रापासून आकाशकंदील. सुटीला फट आहे ती पोळ्याची, एवढीच. तिनं आठवडाभर आधी ऑर्डर घेणं थांबवायचं ठरवलंय, कारण आज घेतलेली ऑर्डर आज जात नाही. करायला दोन दिवस, वाळायला दोन दिवस, मग स्पीड पोस्ट. मोठ्या बाजाराच्या साइटवर सुटीची सोय असते, ती चालू केली की माल दिसेनासा होतो. पण आधी आलेली ऑर्डर त्यानं माफ होत नाही.

"उघडनार कोनत्या तारखेले, काय लिवलं?"

"परत येतो त्याच्या दुसऱ्या दिवशीची तारीख."

इथं मात्र मी कपाळाला हात लावला. पोरीचं माहेर भामरागडला! आष्टी, आलापल्ली, हेमलकसा करत तिथं पोचायचं, आणि पोचलं तरी परतीचं पर्लकोटा नदीच्या हाती. पावसाळ्यात तिच्या पुलावरून पाणी गेलं की भामरागड तुटतो, हे तिला मी सांगावं? पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती तिघी तिथं भेटतात. एकदा फुगल्या की कोणाच्या पार्सलसाठी थांबणाऱ्या नाहीत. म्हटलं, चार दिवसांची सुटी असेल तर गिऱ्हाइकाले आठ दिवस सांग. लवकर आलीस तर कोनी भांडत नाही.

"अन् फोनवर आपोआप उत्तर जाते नं काकू. व्हॉट्सॲप बिझनेसमंदी. 'दुकान बंद आहे, अमुक तारखेला भेटू' असं."

ते तिला ठाऊक होतं. पण त्यातली मेख माझ्या भाच्यानं मला सांगितली होती, आणि अशी संधी मी सोडते का? ते आपोआप उत्तर फोनला इंटरनेट असेल तरच जातं. म्हणजे ही फोन घेऊन भामरागडला, तिथं रेंज आली तर आली, आणि 'मी नाही' हे सांगायलाही फोन नाही! पोरगी दोन मिनिटं वेलाकडे बघत राहिली.

मग हळूच म्हणाली, "काकू, तुमच्या घरी वायफाय हाये नं?"

तर हे काम होतं. दुकानाचा फोन चार्जरला लावून माझ्या देव्हाऱ्याशेजारी राहणार. मी अट घातली : पैशाची सगळी ॲपं त्यातून काढ, बँकेचं सिम तुझ्याकडं ठेव. उद्या कोणी ओटीपी विचारला तर मला मोह नको आणि तुला घोर नको. पिन तर सांगूच नको, मला दुधाचा हिशेब लक्षात राहत नाही.

मालाची काळजी तिला जास्त. श्रावणातली ओल बांबूला दोन दिवसांत बुरशी आणते, आणि बिनप्रक्रियेचा असला तर आतून भुंगा लागून पिवळी पूड पडते. बोरिक ॲसिड-बोरॅक्सच्या पाण्यात बुडवलेल्या कांबी तिनं वेगळ्या काढल्या आहेत. तयार दिवे जमिनीवर नाही, मांडणीवर. भिंतीपासून वीतभर लांब. रोज दुपारी खिडकी उघडायची, पाऊस आला तर लावायची. हेही माझ्याच गळ्यात.

काल चिठ्ठी देऊन गेली. १. फोनचं चार्जिंग बघजा. २. खिडकी. ३. कोनी भाव विचारला तर बोलू नका, आपोआप उत्तर जाईल.

तिसरं मला उद्देशून आहे, मला कळतं. मागं एका गिऱ्हाइकाला मी कुंपणावरूनच 'महाग आहे खरं' म्हटलं होतं.

"अन् दोडके?" मी विचारलं.

"तोडजा, काकू. पन चार ठेवजा."