तुझी जागा माळ्यावर

प्रति,
पाच लिटरचा तेलाचा कॅन,
मुक्काम : गॅसशेजारी, ओट्यावर

दिवाळीच्या चकल्या-शेवेसाठी तू घरात आलास. फराळाचे डबे रिकामे झाले, तुळशीचं लग्न लागलं, तरी तू ओट्यावरून हलला नाहीस. उलट थंडी पडली तसा तुझा रुबाब वाढला. रश्श्यावर तर्री तुझी, भरतावर चकाकी तुझी, संध्याकाळच्या ताटलीत कांदाभजी तुझी. कुणी हात आखडता घेतला की तुझी बाजू घेणारे तयारच असतात : "थंडीत सगळं पचतं!" आमच्या घरात जेवणानंतर रक्तदाबाची गोळी घेणारी माणसं आहेत. त्यांच्या ताटात काय पडतं याची जबाबदारी माझी आहे, म्हणून तुझ्यावरचे आरोप आज चारचौघांत मांडते.

पहिला आरोप अर्धवट साक्षीचा. हेमंतात जठराग्नी प्रखर असतो, म्हणून स्निग्ध आणि जड खावं, हे चरकसंहितेच्या ऋतुचर्येतलं म्हणणं तू सतत पुढे करतोस. ते तिथे आहेच. पण थंडीत स्निग्ध खाणाऱ्या धडधाकट माणसाने आपल्या निम्म्या ताकदीइतका व्यायाम करावा, असं वाग्भटाच्या अष्टांगहृदयातही सांगितलं आहे. ते तू कधी उच्चारत नाहीस. रात्रीच्या गारठ्यात गव्हाला पाणी धरणारा शेतकरी भाकरीवर तेल-चटणी घेतो, ती त्याच्या अंगी लागते. दिवसभर खुर्चीत बसून घरी आल्यावर पांघरुणात शिरणाऱ्या आम्हा लोकांना तू त्याच्याच मापाने वाढतोस, ही लबाडी आहे.

दुसरा आरोप हिशेबाचा. चार माणसांच्या घरात तू महिन्याभरात संपतोस. पाच लिटर म्हणजे साधारण साडेचार किलो, म्हणजे माणशी दिवसाला ३८ ग्रॅमच्या आसपास. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार बैठं काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला २५ ग्रॅम आणि बाईला २० ग्रॅम तेल-तूप पुरतं. वीस ग्रॅम म्हणजे चहाचे साडेचार चमचे, आणि त्यात भातावरचं तूपही आलं. एका ग्रॅम स्निग्धांशातून ९ कॅलरी मिळतात, पिठातल्या कर्बोदकांतून किंवा डाळीतल्या प्रथिनांतून ४. म्हणून तुझा एक जास्तीचा डाव ताटात दिसतही नाही आणि अंगावर मात्र दिसतो. त्यात तळून उरलेलं तेल गाळून पुन्हा कढईत येतं. तेल वारंवार तापवलं की त्यात आरोग्याला घातक घटक वाढत जातात. खाद्यविक्रेत्यांसाठी २०१८ पासून तेलातल्या अशा घटकांवर २५ टक्क्यांची मर्यादा आहे, पण ती मोजायचं मीटर कुठल्या घरच्या ओट्यावर असतं?

तिसरा आरोप सर्वांत मोठा. तू चव चोरलीस, आणि तीही वर्षातल्या सर्वांत चवदार दिवसांत. बाजारात आत्ता लाल गाजरं आहेत, पावटा आहे, हरभऱ्याचे सोलाणे आहेत, कोवळी मेथी, चाकवत, कांद्याची पात, मुळा आहे. या भाज्यांना स्वतःचा गोडवा आहे, वास आहे. त्यांना तुझ्यात बुडवलं की सगळ्या एकाच चवीच्या होतात, आणि मुलं म्हणतात, भाजी नको. त्यांनी भाजी अजून चाखलेलीच नसते!

तुझ्यावाचून अडतं, हा तुझा दावा रायगडात येऊन सांग. अलिबागकडे थंडीत पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा आणि जाडं मीठ. मडकं उपडं करून भोवती जाळ करतात. पाण्याचा थेंब नाही, तुझाही नाही. जोंधळ्याचा हुरडा गोवऱ्यांच्या आरावर भाजतात, तिथेही तुला कुणी बोलावत नाही. बाजरीची भाकरी गरम पाण्यात मळतात, वरून पाण्याचा हात फिरवतात, जाळावर फुगवतात. पोळीच्या घडीत तू शिरतोस, भाकरीत तुला शिरायला फटच नाही.

म्हणून संक्रांतीच्या आधीचा हा आठवडा जवळजवळ तुझ्याविना ठरवला आहे. सोमवारी कुळथाचं पिठलं आणि भाकरी, सोबत मुळ्याचा कोवळा पाला बारीक चिरून, मीठ-लिंबू लावून. मंगळवारी ताकातला चाकवत : भाजी शिजवून घोटायची, ताकात बेसन कालवून लावायचं, मूठभर शिजलेली हरभराडाळ आणि शेंगदाणे, वर लसणाची फोडणी. बुधवारी मुगाची मऊ खिचडी आणि कढी. गुरुवारी निखाऱ्यावर भाजलेलं वांगं, कांद्याची पात, दही. शुक्रवारी शेवग्याच्या शेंगांची आमटी. शनिवारी मेथी परतायची नाही, वाफवायची : कढईवर खोलगट ताटली, ताटलीत पाणी. खालच्या वाफेवर भाजी आपल्याच रसात शिजते आणि करपत नाही.

रविवारी भोगी. गाजर, वांगी, घेवडा, पावटा, सोलाणे, बोरं, ओले शेंगदाणे, चिंच-गूळ, गोडा मसाला आणि तिळाचा कूट. या भाजीवर तर्री आणायचा तुझा हट्ट असतो. तिळाचं आणि शेंगदाण्याचं जवळजवळ निम्मं वजन तेलाचंच असतं. कूट घातल्यावर भाजी आपोआप मिळून येते आणि अंगची चमक धरते. त्यावर तुला ओतणं म्हणजे नुसती उधळपट्टी. बाजरीच्या भाकरीवर तीळ थापले की सणाचं ताट पूर्ण होतं.

तुला घराबाहेर काढणार नाही. मोहरी तडतडायला, हिंग-लसणाचा वास उतरायला तू लागतोस. गाजर-मेथीतलं कॅरोटीन अंगी लागायलाही थोडा स्निग्धांश हवाच. पण यापुढे तू कॅनमधून थेट कढईत पडायचं नाहीस. रोज सकाळी चौघांचं दिवसाचं तेल वाटीत काढून ठेवीन, फोडणीच्या पळीत चमच्याने मोजून घालीन. वाटी संपली की दिवस संपला. पाहुणे आले तर भजी होतील, पण त्या दिवशी भाजीला वाफेचाच आधार.

तू आजपासून माळ्यावर. पुढच्या महिन्याच्या यादीत तुझ्या जागी एक-एक लिटरच्या तीन पिशव्या लिहिल्या आहेत. आमच्या चौघांच्या गरजेला तेवढ्या पुरतात, आणि महिनाअखेर त्यांतलं थोडं शिल्लक राहावं असा माझा प्रयत्न राहील.

कळावे,
या स्वयंपाकघराची मालकीण