दोन विमानतळांमधलं अंतर: भामरागडच्या नवशिक्यांसाठी

आधी सोपं गणित उरकून घ्या. नागपूर आणि मुंबईच्या विमानतळांचे अक्षांश-रेखांश मांडा, पृथ्वीची त्रिज्या 6371 किलोमीटर धरा आणि अंतर काढा. 680 किलोमीटरच्या आसपास येईल. विमानाला त्यासाठी साधारण दीड तास लागतो. झालं! आता तो कागद घडी करून खिशात ठेवा, एसटीत वारा घ्यायला कामी येईल.

विमानाची वेळ बघण्याआधी भामरागडहून नागपूरला जायच्या वाटेवरची पर्लकोटा नदी बघा. पुलावरून पाणी असेल तर नागपूर-मुंबई अंतर दोन-तीन दिवसांचंही होतं. सूत्रात त्रिज्येला जागा आहे, नदीला नाही. पाणी उतरलं तरी आलापल्लीपर्यंतचे नाले आपापलं मत देतातच.

"आलापल्ली किती दूर?" असं वाटेत कुणाला विचारू नका. "हे काय, जवळच आहे ना बाप्पा," एवढंच कळेल. "किती वाजता पोचन?" असं विचारा. मग तो माणूस आधी आभाळाकडे बघेल, नंतर तुमच्या चपलांकडे, आणि त्यावरून तुम्हीच काय ते समजा.

आलापल्ली-आष्टी रस्त्यावर सुरजागडचं लोहखनिज नेणारे ट्रक भेटतील. काचा वर करा आणि घड्याळ बघणं सोडा. आष्टीला ठरवायचं: वैनगंगा ओलांडून गोंडपिपरी-चंद्रपूर-वरोरा, की अलीकडच्या काठाने चामोर्शी, गडचिरोली आणि पुढे आरमोरी-ब्रह्मपुरी-उमरेड. चंद्रपूरवरून गेलात तर मोरव्याची धावपट्टी ऐकून हुरळू नका, तिथं मुंबईचं तिकीट मिळत नाही. राजुऱ्याजवळच्या मूर्ती विमानतळाचा विषय कुणी काढलाच, तर आधी चहा सांगा. गोष्ट लांबलचक आहे, आणि तिच्यात वाघही येतो.

(सिरोंचेकरांनी हे सगळं सोडून द्यावं. गोदावरीचा पूल ओलांडला की त्यांना हैदराबादच जवळ.)

भामरागड ते नागपूर रस्ता साडेतीनशे किलोमीटरच्या घरात. म्हणजे विमानाच्या अंतराच्या निम्मा, आणि गाड्या बदलत गेलात तर वेळ विमानाच्या सहापट तरी धरा. तिकिटावर दोन तास आधी या म्हणून लिहिलेलं असतं. तुम्ही आदल्या दिवशीच निघा आणि मुक्कामाला नागपुरात एखादा नातेवाईक ठेवा. नसेल तर घरातल्या पुढच्या सोयरिकीच्या वेळी तेवढं ध्यानात असू द्या. पिशवीत मोहफुलं असतील तर तपासणीच्या रांगेत ती काय आहेत हे सांगण्यासाठी आणखी दहा मिनिटं राखून ठेवा.

मुंबईत उतरल्यावर भाचा विचारेल, "मामा, फ्लाइट लेट होती का?" नाही म्हणा. ती वेळेवरच होती. मग त्याला विचारा, इथून डोंबिवलीला किती वेळ लागेल. तो आधी फोनमध्ये बघेल, नंतर आभाळाकडे.