पाटी लावली, काम संपलं

लिनक्सवरच्या 'स्टीम' या गेमच्या दुकानाच्या स्क्रिप्टने एका वापरकर्त्याच्या फायली पुसल्याचं जानेवारी २०१५ मध्ये उघड झालं. बॅकअपसाठी जोडलेली बाहेरची डिस्कही त्यात गेली. स्टीमचा फोल्डर शोधायचा, पत्ता व्हेरिएबलमध्ये ठेवायचा आणि त्याखालचं सगळं 'आरएम -आरएफ'ने उडवायचं, असा बेत होता. पत्ता मिळाला नाही की व्हेरिएबल रिकामं. उरतो नुसता तिरपा दांडा, म्हणजे अख्खी यंत्रणा.

लिहिणाऱ्याला धोका ठाऊक नव्हता म्हणावं, तर त्या ओळीच्या डोक्यावरच 'स्केअरी!' अशी टिप्पणी होती. उघड्या गटारावर 'सावधान' लिहून बिल लावणारा ठेकेदारच तो!

पत्ता रिकामा असेल तर थांबायचं, एवढाच उपाय. बॅशमध्ये व्हेरिएबलच्या नावापुढे, महिरपी कंसातच, कोलन आणि प्रश्नचिन्ह पुरतात. ('सेट -यू'वर विसंबू नका, ते न नेमलेलं व्हेरिएबल पकडतं, रिकामं नाही.)

पण टेस्टचं काय? कमांड चालली, एक्झिट कोड शून्य आला, हिरवी खूण, टाळ्या! अहो, घर साफ करून जाणारा चोरही काम यशस्वीच करतो. इंटिग्रेशन टेस्टने टाकाऊ कंटेनरमध्ये फोल्डर हलवावा, नावात स्पेस घालावी, स्क्रिप्ट चालवावी आणि मग शेजारच्या फायली शिल्लक आहेत का ते पाहावं. ग्राहकाच्या संगणकावर हीच टेस्ट फुकटात होते, हे मान्य.

तुमच्या कोडमध्ये 'भीती वाटते' अशा अर्थाची टिप्पणी असेल, तर ती पुसण्याआधी तिच्यासाठी एक टेस्ट लिहा.