छतातली भाऊबंदकी

विरारमध्ये फ्लॅट घेतलेला माणूस हप्त्यांना जरा सरावला की फॉल्स सीलिंगच्या नादाला लागतो. आधीच बेताचं छत आणखी अर्धा फूट खाली आणायचं आणि त्यात दिवे पेरायचे. त्या अर्ध्या फुटात काय चालतं, हे मात्र घरमालकाला दिसत नाही.

तिथे दोन सत्ता नांदतात. वायरमन वायरी सोडून जातो, मग पीओपीवाला येऊन पत्र्याचे चॅनेल ठोकतो. दोघं एका वेळी साइटवर सापडतील तर शपथ! जिप्सम बोर्ड 12.5 मिलिमीटर जाड, तो आवळणारा स्क्रू 25 मिलिमीटर. उरलेला स्क्रू वर अंधारात टोक परजून उभा. चॅनेलची कापलेली कड बोट कापते, तिथे वायरीच्या प्लास्टिकची काय कथा! म्हणून वायर शेवटपर्यंत पीव्हीसी पाइपातून न्यावी, पाइप स्लॅबला क्लॅम्पने धरावा, पत्र्याच्या भोकाला रबरी बुश लावावं आणि खुद्द चॅनेलला अर्थिंग द्यावं. हे मी सांगितल्यावर वायरमनदादा म्हणाले, "साहेब, छताला कोण हात लावतंय?"

पंखा पुसणाऱ्या मावशी लावतात. ओल्या फडक्याने, लोखंडी शिडीवर उभ्या राहून. शिवाय अर्नाळ्याकडून येणारा पाऊस आमच्या स्लॅबात जूनला मुक्कामाला येतो, तो दसऱ्याशिवाय हलत नाही. 2018 च्या जुलैत वसई-विरार पाण्यात गेलं, तेव्हा तळमजल्यावरच्यांना मीटरबॉक्स बघून देव आठवला. वरच्या मजल्यावर तोच देव थेंबाथेंबाने आठवतो.

अर्थिंग झालं. पहिल्याच संध्याकाळी कोव्ह लाइटचं बटण दाबलं आणि सगळं घर अंधारात. सासूबाई मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्ट काढायला उठल्या. दादांनी ठपका ठेवला आरसीसीबीवर. "हे लय सेन्सिटिव्ह असतं. बायपास करून देतो, कटकटच नको."

या डबीचं काम काय, तर फेजने गेलेला करंट न्यूट्रलने पुरता परत आला का, एवढा हिशेब ठेवायचा. 30 मिलिॲम्पिअरची तूट दिसली की लाइट बंद. सोसायटीच्या खजिनदाराकडूनही आपण इतकी अपेक्षा ठेवत नाही. शेजारची एमसीबी 10 ॲम्पिअरची. तिच्या शंभराव्या हिश्श्याएवढ्या करंटनेही माणूस मरू शकतो, आणि तेवढ्याने ती हूं की चूं करणार नाही. म्हणजे दादा घरातला एकुलता एक शहाणा हाकलायला निघाले होते.

छताचा बोर्ड उघडायला लावला. शेवटचा हातभर पाइप "दिसत नाही" म्हणून गाळलेला, आणि नेमकी तिथेच स्क्रूने वायर गाठून चॅनेलला टेकवलेली.

"तार मेरे स्क्रू के नीचे आया," पीओपीवाला म्हणाला.

"स्क्रू माझ्या वायरीवर आला," दादा म्हणाले.

दोघांनाही माझ्या घरात काही बिघडलंय असं शेवटपर्यंत वाटलं नाही. बिलात नवी वायर आणि पाइप होताच. खाली आणखी एक ओळ होती, 'आरसीसीबी रिपेरिंग : 400 रु.'

सासूबाईंच्या मोहऱ्या निदान घरच्या होत्या.