तिप्पट की चौपट?

इंग्रज माणूस हिशोबाला पक्का, अशी आपली जुनी समजूत. पण त्याला 'थ्री टाइम्स मोअर' म्हणजे किती, एवढंच विचारून बघा. माझ्याकडे १०० रुपये आणि तुमच्याकडे त्याच्या 'थ्री टाइम्स मोअर', तर तुमचे किती? चारचौघं म्हणतील, ३००. एखादा व्याकरणाचा कडवा भक्त मात्र चष्मा वर सरकवत म्हणेल, ''४००! 'मोअर' म्हटलंत ना? मग मूळचे शंभर धरा आणि वर तीनशे घाला.'' त्याला वेड्यात काढायची सोय नाही, कारण '३०० टक्के अधिक' म्हणजे ४००च. म्हणून सावध माणसं 'थ्री टाइम्स ॲज मच ॲज' लिहितात आणि तीनशेवर गप्प बसतात.

'थ्री टाइम्स लेस'ची तऱ्हा तर और. शंभरातून तीनदा शंभर वजा केले, तर तुमच्या डोक्यावर २०० रुपयांचं कर्ज! म्हणायचं असतं फक्त तेहेतीस रुपये. पावकी, निमकी, पाऊणकी घोकलेल्या आपल्या आजोबांना कमी करायला पाव, निम्मं, पाऊण हाताशी होतं. त्यांची नातवंडं मात्र आता खुशाल 'तिप्पट कमी' लिहितात.

आणि ४० अंश म्हणजे २० अंशांच्या दुप्पट ऊन, असंही कुणी सांगतं. तेच फॅरनहाइटमध्ये मांडलं की होतात १०४ आणि ६८. दुप्पट कुठल्या कुठे पळते!

पटीची खरी हौस भागवली जोनाथन स्विफ्टने, १७२६च्या 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'मध्ये. लिलिपुटच्या गणितज्ञांनी गलिव्हरची उंची मोजली, ती त्यांच्या बारापट भरली. म्हणून त्याला बारा जणांचं जेवण द्यायचं? छे! उंचीला बारा, रुंदीला बारा, जाडीलाही बारा; गुणाकार १,७२८. इतक्या चोख हिशोबानंतर बऱ्याच आवृत्त्यांत आकडा छापलाय १,७२४! चार पानं मधल्या मधे कुणी उठवली, देव जाणे.

तात्पर्य, उसने पैसे परत करताना पटीत बोलू नये, सरळ रक्कम सांगावी. पण मित्र प्रेमाने म्हणाला, ''तू माझ्यापेक्षा दहापट हुशार,'' तर दहा की अकरा, हे मात्र विचारू नये. विचारलंत, तर त्याचा हिशोब चुकला होता हे तिथल्या तिथे सिद्ध होईल.