अंबारीसह ओरिएंटेशन

राजगडाच्या पायथ्याच्या पालीत, नाहीतर वेल्ह्याच्या कुठल्याही वाडीवर, पहिलीच्या पोरांकडून 'अ' गिरवून घ्यायचा तर सरकार गुरुजींकडून काय काय मागतं ते आधी बघा. दोन वर्षांचं डी.एड., ज्याला आता डी.एल.एड. म्हणायचं. त्यात सराव पाठ. सराव पाठाला वर्गात मागे बसलेले सर, त्यांच्या हातात निरीक्षण वही, वहीत 'फलकलेखन तिरपे' असला शेरा. मग टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. नोकरी लागली की पाठ टाचण, केंद्रप्रमुखांची भेट, शिक्षण परिषद. इतकं करून १ सप्टेंबर २०२५ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. महाराष्ट्रातूनच गेलेल्या प्रकरणांतला. सेवेतले जे शिक्षक टीईटी उत्तीर्ण नाहीत आणि ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक अवधी आहे, त्यांनी दोन वर्षांत ती उत्तीर्ण व्हावं, नाहीतर नोकरी सोडावी. वीस-वीस वर्षं खडू झिजवलेले गुरुजी सध्या आपल्याच पोरांची गाइडं चाळतायत.

हीच पोरं बारावी होऊन एसटीनं भोरला किंवा पुण्याला जातात, बी.ए.-बी.कॉम.ला बसतात. तिथल्या प्राध्यापकाला शिकवता येतं का, हे कसं तपासतात? नेट किंवा सेट या पात्रता परीक्षेनं. सेट १९९५पासून आपलं पुणे विद्यापीठच घेतं, म्हणजे घरचाच मामला. पहिल्या पेपरात पन्नास प्रश्न, त्यातले अध्यापनाच्या घटकाचे पाच. चार पर्याय, एकावर टिंब. चुकलं तर गुणही कापत नाहीत. हा पाच प्रश्नांचा गड सर केला, मुलाखत झाली, की सव्वाशे पोरांच्या वर्गाचं दार उघडं. आत काय करायचं ते ज्यानं त्यानं आपल्या सरांना आठवून ठरवायचं. सर नोट्स सांगत असत, हेही सांगतात. वही तीच, फक्त पानं पिवळी.

आता कुणी म्हणेल, प्रशिक्षण असतं की! असतं. नव्या व्याख्यात्यांची तयारी करून घ्या, हे १९६४-६६च्या कोठारी आयोगानंही सांगून ठेवलं होतं. १९८६च्या शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठांत अकॅडमिक स्टाफ कॉलेजं निघाली. पुढे त्यांची ह्यूमन रिसोर्स डेव्हलपमेंट सेंटरं झाली आणि २०२३मध्ये मालवीय मिशन टीचर ट्रेनिंग सेंटरं. पाटी रंगवणाऱ्याची सोय प्रत्येक वेळी झाली. तिथल्या सगळ्या माणसांना नावं ठेवायचा माझा विचार नाही. काही जण खरोखर जीव ओतून शिकवतात. पण प्राध्यापक तिथं कशाला जातो? यूजीसीच्या २०१८च्या नियमांत लेव्हल दहावरून अकरावर चढायला एकवीस दिवसांचा ओरिएंटेशन कोर्स हवा, म्हणून. स्टाफरूममध्ये कुणी 'ओरिएंटेशनला काय शिकलात' असं विचारत नाही. 'कॅसची फाइल तयार झाली का' एवढंच विचारतात; कॅस म्हणजे बढतीची योजना.

राजगडाला वर जायच्या दोन वाटा सगळ्यांना ठाऊक. गुंजवण्याकडून चोर दरवाजाची, जिथं हातापायांनी चढावं लागतं. आणि पालीकडून पायऱ्यांची, जिथल्या पाली दरवाज्यातून हत्ती अंबारीसह आत जाईल असं जाणकार सांगतात. प्राध्यापकांच्या प्रशिक्षणाला हाच पाली दरवाजा बसवलाय. कुणीही यावं, अंबारीसह यावं, एकवीस दिवसांनी वरच्या लेव्हलला निघावं. टाळेबंदीत तर पायऱ्याही चढाव्या लागल्या नाहीत. सकाळी लिंक, कॅमेरा बंद, स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या, संध्याकाळी गुगल फॉर्म आणि रात्री मेलवर ई-प्रमाणपत्र, नावाच्या स्पेलिंगच्या चुकीसह. चुकीच्या स्पेलिंगसाठी आयोजकांना तीन-तीन मेल पाठवणारे लोक मी पाहिलेत. विषय काय होता, ते त्यांनाही प्रमाणपत्रावर वाचूनच कळायचं.

याहून मोठी गंमत यूजीसीच्या त्याच नियमांच्या परिशिष्टात आहे. प्राध्यापकाचं अध्यापन 'चांगलं' कधी धरायचं? नेमून दिलेल्या तासांपैकी ऐंशी टक्के किंवा जास्त तास घेतले तर. सत्तर ते ऐंशीच्या मधे 'समाधानकारक', सत्तरच्या खाली 'असमाधानकारक'. संपलं. तासाला काय झालं, पोरं झोपली की जागी होती, मागच्या बाकावरच्या मुलीला काही कळलं का, याला रकाना नाही. पहिलीच्या गुरुजीचं फळ्यावरचं अक्षर तिरपं आलं तरी शेरा, आणि एम.ए.चा अख्खा तास तिरपा गेला तरी तो 'चांगला'.

मग चोर दरवाजानं कोण चढतं? सीएचबीवाला. ग्रामीण कॉलेजातले कितीतरी वर्ग तासिका तत्त्वावरच्या या माणसांच्या जिवावर चालतात. सकाळी एका कॉलेजात दोन तास, दुपारी दुसऱ्यात दोन, मधे दुचाकीचं पेट्रोल. घेतलेल्या तासाचेच पैसे. तो एकवीस दिवस शिकायला गेला तर एकवीस दिवसांचे तास बुडाले, म्हणजे चूल बुडाली. वरची लेव्हल त्याला नाहीच, त्यामुळे प्रमाणपत्राचाही उपयोग नाही. ज्याला शिकवायला शिकायची सगळ्यात जास्त गरज, त्याला शिकायची सोय नाही. ज्याला पगार वाढवायचाय, त्याला एसी सभागृह आणि दुपारी गुलाबजाम.

माझी मागणी फार महागडी नाही. नव्या प्राध्यापकानं पहिल्या वर्षी चार तास दुसऱ्या प्राध्यापकाला मागे बसवून घ्यावेत, आणि मागे बसणाऱ्यानं डी.एड.च्या सरांसारखं खरंखुरं लिहावं. विभागात महिन्यातून एकदा 'माझा हा धडा पडला, का पडला' यावर चहा प्यावा. याला ना मिशन लागतं ना लोगो. सीएचबीवाल्याला प्रशिक्षणाच्या दिवसांचे तासाच्या हिशेबानं पैसे द्यावेत. आणि यूजीसीनं त्या ऐंशी टक्क्यांच्या शेजारी एक रकाना वाढवावा, पोरांना काय आलं याचा. नॅकच्या मूल्यांकनासाठी छापलेले फीडबॅकचे गठ्ठे कॉलेजात पडून आहेतच. एखाद्या दिवशी ते वाचूनही बघावेत.

पालकहो, जूनमध्ये प्रवेशाला जाल तेव्हा कॉलेजची इमारत, वाय-फाय आणि नॅकची ग्रेड खुशाल विचारा. पण प्राचार्यांना आणखी एक विचारा: गेल्या वर्षभरात तुम्ही कुणाकुणाच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसलात?